जुन्या यंत्राची पारख

लाकडी चाकांच्या बैलगाड्या होत्या, तेव्हा वाशीमकडच्या खेड्यांतील सुतार मोडक्या चाकाचा तुंबा प्रथम तपासत असे. तुंबा शाबूत असला, तर नवे आरे बसत. तो फुटला असला, तर लोखंडी धाव दुसऱ्या चाकासाठी राखली जाई.

जुन्या संगणकाची पारखही अशीच करावी लागते. त्याचे सारे भाग ज्या फळीवर जोडलेले असतात, तिला मदरबोर्ड म्हणतात. 1990 च्या सुमारास अशा अनेक फळ्यांवर घड्याळासाठी लहानशी बॅटरी बसवलेली असे. वर्षे लोटली, की ती पाझरते आणि तिच्यातील अल्कधर्मी द्रव तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो.

कुशल कारागीर प्रथम बॅटरी काढतो, व्हिनेगरच्या सौम्य आम्लाने तो द्रव निष्प्रभ करतो आणि भिंगातून रेषा न्याहाळतो. वरच्या दोन-चार रेषाच तुटल्या असतील, तर बारीक तार जोडून फळी सावरते. परंतु झीज आतल्या थरांत उतरली असेल, तर श्रम व्यर्थ होत. मग प्रोसेसर, मेमरी असे चांगले भाग काढून दुसऱ्या संगणकास द्यावेत. उरलेल्या फळीत विषारी शिसे असते. म्हणून ती उकिरड्यावर न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावी.

वस्तू घाईने टाकणे बरे नव्हे, तसेच तिला कवटाळून बसणेही बरे नव्हे. नीट पाहून ठरवणे, हीच खरी काटकसर होय.