घराची डागडुजी आणि कामाची वाट

मृग जवळ आला, की शहरातील गरीब वस्त्यांतून घरे शाकारण्याची लगबग सुरू होते. कोणी पत्र्याच्या भोकांवर डांबर फासतो, कोणी प्लॅस्टिक अंथरून त्यावर विटा ठेवतो. दरवर्षी हा खर्च करणारा माणूस एकदाच पक्के छप्पर का घालीत नाही, असा प्रश्न सुस्थितीतील मंडळी विचारतात. पैसा नसतो हे उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. उद्या आपणांस येथून उठविणार नाहीत अशी खात्री नसेल, तर हाती आलेला पैसा भिंतीत घालण्याचे धाडस कोण करील?

या प्रश्नाचा पाठ फार दूर शोधावयास नको. बडोद्याहून सुमारे शंभर किलोमीटरवर अहमदाबादेत तो दोन्ही बाजूंनी वाचावयास मिळतो.

१९८०च्या दशकात तेथील कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कामगारांच्या चाळी व झोपड्या तशाच मागे राहिल्या. १९९५ साली तेथील महानगरपालिकेने ‘परिवर्तन’ नावाची योजना हाती घेतली. घरे पाडावयाची नाहीत, वस्ती हलवावयाची नाही. घरोघरी नळ, स्वतंत्र संडास, बंद गटार, पावसाच्या पाण्याचा निचरा, फरसबंद गल्ली, दिवे व कचऱ्याची सोय करावयाची, एवढाच तिचा बेत होता. पहिला प्रयोग संजयनगर या लहानशा वस्तीत झाला. कुटुंबामागे २,००० रुपये लोकांनी स्वतः भरावयाचे, आणि देखभालीसाठी आणखी १००. एकरकमी पैसे नसलेल्यांना ‘सेवा’ बँकेने कर्ज दिले. कष्टकरी स्त्रियांनी १९७४ साली उभारलेली ही बँक होय.

परंतु आमच्या मते या योजनेतील सर्वांत मोलाची वस्तू नळ नव्हे. दहा वर्षे ही वस्ती उठविली जाणार नाही, अशी हमी पालिकेने दिली होती. मालकीहक्क नाही, केवळ दहा वर्षांचा अवधी! पण तेवढ्या आधारावर माणसे स्वतःच्या खिशातून विटा-सिमेंट आणू लागली. सरकारने घर बांधून दिले नाही. घर बांधण्याची भीती तेवढी काढून टाकली.

आता दुसरी बाजू. साबरमतीच्या काठाचे सुशोभन झाले, तेव्हा तेथील दहा हजारांवर कुटुंबांना हलविण्याची पाळी आली. पुष्कळांना वटवा, ओढव अशा कडेच्या भागांत पक्क्या इमारतींत खोल्या मिळाल्या. भिंत गळत नाही, छप्पर उडत नाही. मग तक्रार कसली?

वर्गात आम्ही एकदा उदाहरण घातले. घरातील दोन माणसे बसने कामावर जातात. प्रत्येकास जाण्यास २० व येण्यास २० रुपये. महिन्याचे कामाचे दिवस २६. उत्तर २,०८० रुपये आले. ‘परिवर्तन’मध्ये कुटुंबाने आयुष्यात एकदा भरलेल्या रकमेइतके पैसे येथे दरमहा तिकिटांत जातात. रुपयाची किंमत मधल्या काळात घटली आहे, हे मान्य करूनही हा हिशेब बोलका आहे. एक मुलगा म्हणाला, “सर, मग दोघांपैकी एकच कामाला जाईल.” त्याचे उत्तर पुस्तकात नव्हते, पण बरोबर होते. नदीकाठी राहून जवळपास धुणीभांडी करणाऱ्या कित्येक स्त्रियांचे काम दूर गेल्यावर सुटले, हे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

ऑक्टोबर २००९ मध्ये अहमदाबादेत ‘जनमार्ग’ ही स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी बससेवा सुरू झाली. २०१९ पासून मेट्रोही आली. २०१४ साली मंजूर झालेल्या विकास आराखड्याने या मार्गांच्या दोन्ही बाजूंस २०० मीटरपर्यंत चार चटईक्षेत्राची मुभा दिली, म्हणजे जमिनीच्या चौपट बांधकाम करता येते. कल्पना उत्तम, जेथे बस, तेथे वस्ती. पण त्याच आराखड्यात परवडणाऱ्या घरांचा विभाग कोठे आखला? शहराबाहेरून फिरणाऱ्या रिंगरोडलगत! ज्याच्यापाशी मोटार आहे त्याला स्थानकाजवळ घर, आणि ज्याला बसवाचून गती नाही त्याला लांबचे, असा उलटा न्याय होण्याची यात भीती आहे. वाढीव बांधकामातील काही वाटा कमी मिळकतीच्या कुटुंबांस राखून ठेवण्याची अट परवानगीतच हवी.

शिवाय एक साधी गोष्ट आपण विसरतो. जुन्या चाळी व मोहल्ले बहुधा बाजाराजवळ, स्टेशनाजवळच असतात. त्यांची डागडुजी करणे हीच स्थानकाजवळ गरिबाला घर देण्याची सर्वांत स्वस्त रीत होय.

आपल्या ट्रस्टपुढे मदतीचे अर्ज येतात, त्यांत घरदुरुस्तीचाही असू शकेल. अशा अर्जात छपराच्या खर्चाबरोबर आणखी दोन रकाने असावेत, असे आम्हांस वाटते: येथे राहण्याची हमी किती वर्षांची, आणि कामाचे ठिकाण किती दूर. पहिल्या रकान्यात घरमालकाची सही लागेल. ती मागताना थोडा संकोच होईल, कारण जुन्या वाड्यांचे मालकही आपल्यांपैकीच कोणी असतात.