मार्शमॅलो : नावात वनस्पती, पोटात काय?

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीपूर्वी आमच्या नववीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने घरी भाजलेली बिस्किटे आणली होती. प्रत्येक बिस्किटावर कापसासारखी मऊ, वरून किंचित तांबूस झालेली एक पांढरी उशी बसविलेली होती. ते मार्शमॅलो होते. डबा वर्गभर फिरला. शेवटच्या बाकावरील एका मुलीने बिस्कीट हाती घेतले आणि आम्हांस विचारले, "टीचर, हे मला चालेल का?"

तिच्या घरी मांसाहार वर्ज्य आहे, हे आम्हांस ठाऊक होते. मार्शमॅलोत काय असते, हे मात्र ठाऊक नव्हते. बिस्किटे आणणारीने पाकीट केव्हाच टाकून दिले होते. आम्ही म्हणालो, "चालेल बहुधा." तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले, बिस्कीट पुन्हा डब्यात ठेवले आणि हात पुसले. त्या 'बहुधा'ची टोचणी आमच्या मनास लागून राहिली. तिची भरपाई म्हणून आम्ही जे शोधले, पडताळले आणि स्वयंपाकघरात करून पाहिले, ते येथे तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

नावाची कथा

'मार्श' म्हणजे दलदल आणि 'मॅलो' हे एका वनस्पतीचे नाव. यूरोप, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील पाणथळ जागी ही वनस्पती उगवते. शास्त्रीय परिभाषेत तिला 'अल्थिया ऑफिसिनॅलिस' म्हणतात. युनानी वैद्यकात ती 'खत्मी' या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्या अंगणातील जास्वंद, परसातील भेंडी आणि शेतातील कापूस ही सारी तिच्याच कुळातील. भेंडी चिरताना बोटांना जो बुळबुळीत चीक लागतो, तशाच जातीचा चीक तिच्या मुळांत असतो. घसा बसला वा खोकला झाला असता हे मूळ औषध म्हणून दिले जात असे.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील हलवायांनी ह्या मुळांचा अर्क, साखर व अंड्याचा पांढरा बलक एकत्र फेटून एक हलकी मिठाई बनविली. औषधाची गोळी अशा रीतीने खाऊ झाली. परंतु मुळांचा अर्क काढणे कष्टाचे होते. हळूहळू त्याची जागा जिलेटिनने घेतली. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत अ‍ॅलेक्स दूमाक यांनी हे मिश्रण नळीतून लांबट दोरासारखे बाहेर काढून त्याचे तुकडे पाडण्याची पद्धत आणली व उत्पादन झपाट्याने होऊ लागले. वनस्पती पदार्थातून गेली. तिचे नाव तेवढे पाकिटावर राहिले.

हे जिलेटिन म्हणजे काय? प्राण्यांची कातडी व हाडे यांत 'कोलॅजन' नावाचे प्रथिन असते. त्यावर प्रक्रिया करून जिलेटिन काढतात. ते बहुधा डुकराचे वा गोवंशाचे असते, क्वचित माशांचेही. आमच्या वर्गात कोणाच्या घरी एक चालत नाही, कोणाच्या घरी दुसरे, तर कोणाच्या घरी यांपैकी काहीच नाही. त्या मुलीचा प्रश्न म्हणूनच साधा नव्हता.

फेसाचे शास्त्र

मार्शमॅलो हा खरोखर गोठविलेला फेस आहे. त्याच्या आकारमानाचा निम्म्याहून अधिक भाग हवेचा असतो. घरी करावयाचे असल्यास २० ग्रॅम जिलेटिन १०० मिलिलिटर थंड पाण्यात दहा मिनिटे भिजवितात. दुसरीकडे ३०० ग्रॅम साखरेचा गोळीबंद पाक करतात. त्याचे तापमान सुमारे ११५ अंश सेल्सिअस असते. पाक जिलेटिनवर ओतून विजेच्या यंत्राने दहा-बारा मिनिटे फेटले की मिश्रण पांढरेशुभ्र व घट्ट होते. ते ताटात थापून, दुसऱ्या दिवशी वड्या पाडून, पिठीसाखर व मक्याचे पीठ यांच्या मिश्रणात घोळवावे. उकळत्या पाकाने हात भयंकर भाजतो. म्हणून हे काम घरातील वडीलधाऱ्यांवाचून करू नये. साखर हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून आपल्याकडील पावसाळ्यात ह्या वड्या घट्ट झाकणाच्या बरणीतच ठेवाव्यात.

जिलेटिनची जेली ३५ अंशांच्या आसपास वितळते. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश. मार्शमॅलो जिभेवर ठेवताच विरघळू लागतो, त्याचे रहस्य हेच. आणखी एक प्रयोग करून पाहा. जिलेटिनच्या जेलीत कच्च्या अननसाची वा पपईची फोड घातल्यास जेली जमत नाही. कारण त्या फळांतील विकरे प्रथिनाचे तुकडे करतात. फळ आधी शिजवून घातल्यास जेली जमते, कारण उष्णतेने विकरे निकामी होतात.

ओव्हनमध्ये काय घडते?

बिस्किटांचे प्रमाण सोपे आहे : तीन, दोन, एक. १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम पिठीसाखर. हवा असल्यास दोन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस. पीठ हलक्या हाताने मळून चपट्या गोल चकत्या कराव्यात व १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे भाजाव्यात. मग थाळी बाहेर काढून प्रत्येक बिस्किटावर अर्धा मार्शमॅलो ठेवावा आणि फक्त दोन मिनिटांसाठी थाळी पुन्हा आत सारावी.

मार्शमॅलो प्रथमपासून का ठेवू नये? ओव्हनमध्ये त्यातील हवा प्रसरण पावते. ती ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापली तर, दाब तोच राहिल्यास, तिचे आकारमान सुमारे एक-पंचमांशाने वाढते. दहावीच्या मुलांनी हे गणित केल्व्हिनमध्ये करून पाहावे. त्यात पाण्याच्या वाफेची भर पडते आणि मार्शमॅलो फुगतो. वरची साखर तांबूस होऊन खमंग वास सुटतो. परंतु त्याच वेळी आतील जिलेटिन वितळलेले असते. अधिक वेळ ठेवल्यास बुडबुडे फुटतात, हवा निसटते आणि थाळीला चिकटलेला चिवट पाक तेवढा उरतो. आमचा पहिला घाणा असाच गेला!

अमेरिकेत ह्या भाजण्याची परंपरा जुनी आहे. रताळ्याच्या लगद्यावर मार्शमॅलो पसरून भाजण्याची कृती जॅनेट मॅकेन्झी हिल यांनी १९१७ साली एका मार्शमॅलो-उत्पादकासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत आली. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तेथे तो पदार्थ आजही होतो. १९३९ साली केलॉग कंपनीत मिल्ड्रेड डे व मालिटा जेन्सन यांनी फुगविलेले तांदूळ वितळलेल्या मार्शमॅलोत व लोण्यात घोळवून वड्या केल्या. आपला चुरमुऱ्याचा लाडू तो हाच विचार! भेद इतकाच की गुळाचा पाक निवल्यावर कडक होतो, मार्शमॅलो मात्र लवचीक राहतो.

दुसरा मार्ग

ज्यांना जिलेटिन वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी बाजारात 'चायना ग्रास' मिळते. ते लाल समुद्रशैवालापासून काढलेले अगर-अगर होय. ते पाण्यात उकळावे लागते. एकदा जमल्यावर सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. फेसासाठी अंड्याच्या बलकाची गरजही आता उरलेली नाही. २०१४ साली फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी दाखविले की उकडलेल्या कडधान्याचे पाणीही तसेच फेसाळते. पुढच्या वर्षी त्या पाण्यास 'अक्वाफाबा' हे नाव मिळाले.

ह्या वर्षी आम्ही वर्गातील मुलांसह हाच मार्ग धरला. काबुली चणे शिजवून उरलेले दाट पाणी अर्धा कप घेऊन ते खूप फेटले. एक कप पाण्यात दोन चहाचे चमचे चायना ग्रासची पूड व एक कप साखर घालून उकळले आणि ते गरम असतानाच बारीक धारेने फेसात ओतले. सत्य सांगावयाचे तर ह्या वड्या जिलेटिनच्या वड्यांइतक्या लवचीक झाल्या नाहीत. ओव्हनमध्येही त्या फारशा फुगल्या नाहीत. परंतु डबा शेवटच्या बाकापर्यंत गेला तेव्हा त्या मुलीने काही विचारले नाही. चणे तिनेच शिजविले होते. तिने दोन बिस्किटे खाल्ली व एक धाकट्या भावासाठी कागदात बांधून घेतले.

विद्यार्थिमित्रहो, भारतात विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थाच्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरवे व मांसाहारासाठी तपकिरी चिन्ह असते. जिलेटिनयुक्त मार्शमॅलोवर तपकिरी चिन्ह असावयास हवे. पाकीट फेकण्यापूर्वी ते चिन्ह पाहा, घटकांची यादी वाचा आणि मगच डबा पुढे करा. आपल्या हातचा खाऊ दुसऱ्याने खावा असे वाटत असेल, तर त्यात काय आहे हे त्याला सांगता आले पाहिजे. आणि सांगता येत नसेल, तर 'बहुधा' म्हणू नये; 'ठाऊक नाही, पाहून सांगतो' असे म्हणावे. हा धडा आम्ही आमच्याच विद्यार्थिनीकडून शिकलो.