आधी जमा, मग जोखीम

व्यापारी बंधूंनो, बयाणा हाती आला म्हणजे नफा झाला असे कोणी समजत नाही. माल द्यायचा बाकी असतो. पण ऑप्शन बाजारातील क्रेडिट स्प्रेडमध्ये आपली तरुण मुले नेमकी हीच चूक करतात.

समजा, निफ्टीचा २४,००० चा पुट १२० रुपयांना विकला आणि त्याच मुदतीचा २३,८०० चा पुट ७० ला घेतला. जमा ५० रुपये. मुदतीला निफ्टी २४,००० किंवा वर राहिला तर ५० आपले. २३,८०० च्या खाली गेला तर २०० वजा ५०, म्हणजे १५० चा तोटा. २३,९५० वर ना नफा, ना तोटा. लॉटमध्ये जितके नग, तितक्या पटीने हे आकडे वाढतात.

म्हणजे तीन सौद्यांची कमाई एक पूर्ण तोट्याचा सौदा खातो. दलाली व कर वेगळेच.

सेबीच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ मध्ये शेअरच्या वायदे-ऑप्शन व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने तर १९९२ मध्येच ऑप्शनचे करार नाजायज ठरवले आहेत. दुकानाचे भांडवल काढण्यापूर्वी दोन्ही हिशेब मांडावेत.