चित्र, शब्द आणि काळ : उपशीर्षकांचा मेळ कसा साधावा?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी वेधशाळा साकारत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. एकमेकींपासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर असलेल्या या दोन ठिकाणी ती लहर सुमारे ७ सहस्रांश सेकंदाच्या अंतराने पोहोचली होती. दोन्हीकडील घड्याळे जुळलेली नसती, तर हा फरक उमगलाच नसता.

काळाच्या जुळणीचे हेच तत्त्व शाळेत वा ग्रामसभेत दाखविल्या जाणाऱ्या साध्या चित्रफितीलाही लागू पडते. समजा, वसमत परिसरातील शेतकऱ्यांसाठी हळदीच्या बेणेप्रक्रियेवर एक माहितीपट तयार केला आहे. पडद्यावर एका औषधाची बाटली दिसते आणि खाली मात्र आधीच्या औषधाची मात्रा उमटते. ज्याला ऐकू येते तो निवेदनावरून चूक ओळखील. परंतु ज्याला ऐकू येत नाही, किंवा ज्याची घरची बोली गोरमाटी असल्यामुळे जो लिखित मराठीचा आधार घेतो, त्याने काय करावे? त्याच्या दृष्टीने ती उपशीर्षके हेच निवेदन होय. म्हणून त्यांचा मेळ साधणे ही शोभेची बाब नसून जबाबदारीची बाब आहे.

कालसंकेत म्हणजे काय?

चलच्चित्र म्हणजे स्थिर चौकटींची मालिका. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. भारतीय दूरचित्रवाणीने स्वीकारलेल्या 'पाल' पद्धतीत त्या २५, तर अमेरिका व जपानमधील 'एनटीएससी' पद्धतीत २९.९७ असतात. प्रत्येक चौकटीला तास, मिनिट, सेकंद आणि चौकट असा क्रमांक दिला जातो. यालाच कालसंकेत म्हणतात. ००:०१:१०:१२ याचा अर्थ एक मिनिट दहा सेकंदांनंतरची १२ क्रमांकाची चौकट.

येथेच पहिली चूक संभवते. उपशीर्षकांच्या 'एसआरटी' धारिकेत शेवटचा आकडा चौकटींचा नसून सहस्रांश सेकंदांचा असतो. पाल पद्धतीत एक चौकट ४० सहस्रांश सेकंदांची. म्हणजे १२ चौकटी ४८० सहस्रांश होतात. तेथे केवळ ०१२ असे लिहिल्यास ओळ जवळजवळ अर्धा सेकंद आधी उमटते.

एनटीएससीमध्ये आणखी एक गुंता आहे. चौकटी २९.९७ आणि मोजणी मात्र ३० ची, त्यामुळे तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी दर मिनिटाच्या आरंभी दोन क्रमांक वगळतात. प्रत्येक दहाव्या मिनिटाला मात्र वगळत नाहीत. तासाला असे १०८ क्रमांक गळतात. गळतात ते क्रमांक. चित्राची एकही चौकट गळत नाही.

आधी निदान, मग उपचार

बिघाड दिसताच ओळी पुढेमागे सरकविण्याची घाई करू नये. मूळ धारिकेची एक प्रत वेगळी ठेवावी. नंतर चित्रफितीच्या आरंभी, मध्यावर व शेवटी एकेक स्पष्ट वाक्य निवडून प्रत्यक्ष उच्चाराची व उपशीर्षकाची वेळ कागदावर मांडावी. त्यातून तीनपैकी एक चित्र दिसते.

फरक तिन्ही ठिकाणी सारखाच असेल, तर आरंभबिंदू चुकला आहे. व्यावसायिक फितींवर कार्यक्रमाचा आरंभ पुष्कळदा १०:००:००:०० पासून मोजतात, तर तबकडीवर तो शून्यापासून धरला जातो. येथे सर्व ओळी एकाच अंतराने सरकविल्या की काम भागते.

फरक हळूहळू वाढत जात असेल, तर दोष गतीचा आहे. चित्रपट पाल पद्धतीत आणताना २४ ऐवजी २५ चौकटींच्या गतीने चालवितात. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट १ तास ५५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो. मूळ गतीवर बेतलेली उपशीर्षके तासाच्या खुणेजवळ २ मिनिटे २४ सेकंद मागे पडतात. अशा वेळी केवळ सरकवून उपयोग नाही. प्रत्येक वेळेला ०.९६ ने गुणावे लागते.

फरक एखाद्या ठिकाणी एकदम उडी घेत असेल, तर तेथे चित्रफितीचा भाग कापला अथवा जोडला गेला आहे. त्या बिंदूपुढील ओळीच तेवढ्या सरकवाव्यात.

एक सोडविलेले उदाहरण

समजा, १०० व्या सेकंदावरील उपशीर्षकाचे वाक्य प्रत्यक्षात १०१ व्या सेकंदाला ऐकू येते, आणि ३,६०० व्या सेकंदावरील वाक्य ३,४६१ व्या सेकंदाला. उच्चारांतील अंतर ३,३६०, उपशीर्षकांतील ३,५००. भागाकार ०.९६ येतो; म्हणजे गतीचा दोष निश्चित झाला. आता १०० ला ०.९६ ने गुणल्यास ९६ मिळतात. उच्चार १०१ वर आहे, म्हणजे ५ सेकंद उरले. आरंभी बोधचिन्ह जोडले असल्यास असे होते. तेव्हा प्रत्येक वेळ ०.९६ ने गुणून तीत ५ मिळवावेत. मध्यावरील वाक्याने ताळा पाहावा. तो जुळला नाही तर मध्ये कोठेतरी उडी आहे असे समजावे. आठवीच्या विद्यार्थ्यांना गुणोत्तराचा हा जिवंत पाठ ठरेल.

तबकडी तयार करण्यापूर्वी

डीव्हीडीवरील उपशीर्षके ही अक्षरे नसून चित्रे असतात. तबकडी एकदा तयार झाली की तिच्यातील चुकलेले जोडाक्षर अथवा वेळ जागच्या जागी सुधारता येत नाही. मूळ प्रकल्पात दुरुस्ती करून नवी तबकडी करावी लागते. म्हणून धारिका युनिकोडमध्ये, 'यूटीएफ-८' स्वरूपात जतन करावी. जुन्या, युनिकोडपूर्व टंकातील मजकूर आधी रूपांतरित करून घ्यावा. एक ओळ संपण्यापूर्वी दुसरी सुरू होणार नाही असे पाहावे; एका प्रवाहात दोन उपशीर्षके एकमेकांवर चढली तर तबकडी तयार करतानाच अडथळा येतो. प्रकरणांच्या खुणाही ठरावीक चौकटींवरच बसतात. पाल पद्धतीत असा गट अधिकाधिक १५ चौकटींचा असल्याने खूण अर्ध्या सेकंदाहून थोडी अधिक सरकू शकते. तो दोष उपशीर्षकांचा मानू नये.

मेळ साधला तरी वाचनाला अवधी हवाच. एका वेळी दोनच ओळी ठेवाव्यात आणि नवसाक्षर प्रेक्षकाला त्या सावकाश वाचून होतील इतका वेळ द्याव्यात. चाचणी घेताना आवाज पूर्ण बंद करून चित्रफीत पाहावी. त्या शांततेत आशय समजला, तरच काम पुरे झाले.

डीव्हीडीचा वापर आता ओसरला असला, तरी अनेक शाळांच्या व कार्यालयांच्या कपाटांत जुन्या तबकड्या आहेत. त्यांतील चित्रफिती संगणकावर उतरविताना हेच प्रश्न पुन्हा उभे राहतात. नरसीच्या नामदेवांवरील माहितीपट असो की पाणलोटाच्या कामाची चित्रफीत, ती जतन करताना शब्दही योग्य क्षणी जतन व्हावेत. शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्यांनी दाखविण्यापूर्वी तीन ठिकाणी तपासण्याची सवय लावून घेतल्यास दहा मिनिटांच्या श्रमाने ग्रामसभेतील शेवटच्या रांगेतील माणसापर्यंत योग्य शब्द योग्य वेळी पोहोचेल.