ग्रामवार्ताहराचे गद्य : व्यवहार आणि भाषा

मराठी गद्याचा इतिहास लिहिताना निबंध, कथा, कादंबरी, चरित्र यांच्या जोडीने वृत्तपत्रीय अग्रलेखाचाही विचार केला जातो. परंतु वृत्तपत्राच्या आतल्या पानावर ‘केनवड (वार्ताहर)’ अशा स्थलनिर्देशाने सुरू होणाऱ्या दहाबारा ओळींकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वास्तविक ग्रामीण महाराष्ट्रात रोज सर्वाधिक लिहिले जाणारे आणि वाचले जाणारे मराठी गद्य ते हेच. केनवड हे रिसोड तालुक्यातील गाव. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हापासून ते वाशीम जिल्ह्यात आहे. प्रस्तुत विवेचनात त्याचे नाव प्रातिनिधिक म्हणून घेतले आहे. तालुक्याचे ठिकाण नसलेल्या वऱ्हाडातील कोणत्याही मोठ्या गावाला हे विवेचन थोड्याफार फरकाने लागू पडावे.

गावातून लिहिणारा माणूस कोणाला उद्देशून लिहितो आणि त्याचा चरितार्थ कोणाच्या पैशावर चालतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरातून त्याच्या गद्याचे रूप ठरते. याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘दीनमित्र’चे होय. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले होते. त्यांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील खेड्यातून ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक काढले आणि पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी या गावातून ते १९६७ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत चालविले. शहरात छापून खेड्यात पाठविलेले हे पत्र नव्हते. संपादकच खेड्यात राहत होता. त्याचा वाचक हाच त्याचा वर्गणीदार होता. ‘आसुडाचे फटके’ यासारख्या सदरातून मुकुंदरावांनी जी रोखठोक, म्हणीवाक्प्रचारांनी भरलेली आणि प्रसंगी बोचरी भाषा वापरली, ती केवळ त्यांच्या स्वभावातून आली असे म्हणणे अपुरे आहे. ज्याच्या ओसरीवर पत्र वाचून दाखविले जाणार त्याला समजले नाही, तर वर्गणी थांबणार, हा व्यवहारही त्या शैलीमागे उभा होता. सत्यशोधक परंपरेतील हा लेखनोद्योग वऱ्हाडातही रुजला होता. महात्मा फुले यांचे पहिले चरित्र १९२७ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील पंढरीनाथ पाटील यांनी लिहिले, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

आजच्या ग्रामवार्ताहराची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तो बहुधा वृत्तपत्राचा विक्रेताही असतो. अनामत भरून घेतलेल्या अंकांवर त्याला कमिशन मिळते. दिवाळी, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि स्थानिक पुढाऱ्यांचे वाढदिवस या निमित्ताने गोळा केलेल्या जाहिरातींवर मिळते. बातमीचे मानधन मिळालेच तर नाममात्र असते. श्रमिक पत्रकारांसंबंधीच्या १९५५ च्या कायद्याने पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो त्यासाठी नोकरीस आहे, अशाच व्यक्तीला पत्रकार मानले. शेती, किराणा दुकान किंवा शिकवणी करून बातम्या देणारा माणूस या व्याख्येच्या उंबरठ्याबाहेरच राहिला. सरपंच, सेवा सहकारी सोसायटीचे अध्यक्ष, कृषी केंद्राचे मालक हे त्याचे जाहिरातदार, आणि बातमीचे विषयही तेच. अशा वेळी कर्त्याचे नाव टाळणारे वाक्य त्याच्या हातून लिहिले जाणे अपरिहार्य होय. ‘निकृष्ट काम करण्यात आल्याची चर्चा परिसरात आहे’, ‘संबंधितांनी लक्ष द्यावे, अशी मागणी ग्रामस्थांमधून होत आहे’ या वाक्यांना व्याकरणाच्या शिक्षकाने दोष द्यावा. परंतु त्यांत एका जाहिरातीची रक्कमही दडलेली असते.

बातमीचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. पूर्वी कागद पाकिटात घालून एस.टी.च्या वाहकाच्या हाती दिला जाई, पुढे फॅक्स आला आणि आता व्हॉट्सअॅप. वेग वाढला, दिशा मात्र तीच राहिली : गावातून तालुका, तालुक्यातून जिल्हा, तेथून आवृत्तीचे कार्यालय. वार्ताहराचा पहिला वाचक म्हणजे तेथील उपसंपादक. तो गावचा नसतो आणि त्याच्यापुढे अशा शंभर बातम्या असतात. त्याला ओळखीचा साचा हवा असतो, आणि वार्ताहर तो साचा पोलीस ठाणे, तहसील व कृषी विभाग यांच्या कागदांतून उचलतो.

शेतकरी आत्महत्येच्या बातमीत हा साचा सर्वांत क्लेशकारक रूप घेतो. ‘सततची नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून’ हा शब्दबंध दोन दशकांहून अधिक काळ पश्चिम विदर्भातील वाचकांच्या नजरेखालून जात आहे. ‘कंटाळणे’ हे क्रियापद एरवी रोजच्या कामाचा, पावसाचा, वाट पाहण्याचा उबग सांगते. मरणाचे कारण म्हणून ते योजल्यावर माणसाच्या कोंडीची जागा त्याच्या वृत्तीतील उणिवेने घेतली जाते. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. शासनाने आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य देताना नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जवसुलीचा तगादा हे निकष धरले. जिल्हा समितीने प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवावयाचे होते. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये समाविष्ट सहा जिल्ह्यांत वाशीम होता. निकषांचे शब्द आणि बातमीचे शब्द एकच आहेत. वार्ताहर हे शब्द जाणूनबुजून वापरतो की सवयीने, हा प्रश्न वेगळा. परिणाम असा की त्या घरी नेमके काय घडले, बियाणे कोणाकडून उधार आणले होते, सोयाबीन कितीला विकले गेले, मुलीचे लग्न कोणत्या महिन्यात ठरले होते, हे सांगण्यास जागाच उरत नाही. दहा ओळींत हे बसत नाही, असा बचाव केला जातो. तो पटण्यासारखा नाही. ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’ ही ओळ तेवढ्याच जागेत बसतेच.

शब्दसंपत्तीची हानी हा याच प्रक्रियेचा शांतपणे घडणारा भाग आहे. वऱ्हाडी शेतकऱ्याचे ‘वावर’ छापून येताना ‘शेतशिवार’ होते, ‘सोंगणी’ची ‘काढणी’ होते, ‘डवरणी’ची ‘आंतरमशागत’ होते. ‘धुरा’ जाऊन ‘बांध’ येतो. धुऱ्याच्या वादात कितीएक घरे उभी फाटली आहेत. ‘बांधावरील हद्दीचा वाद’ म्हटल्यावर तो तलाठ्याच्या दप्तरातील एक नोंद होतो. विशेष हे की ललित साहित्याने ही भाषा फार पूर्वीच स्वीकारली. गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडीत लिहिली. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) पात्रांच्या तोंडी तीच बोली आली. या कादंबऱ्या विद्यापीठांच्या वर्गांतून शिकविल्या जातात. तोच विद्यार्थी पदवी घेऊन गावी परततो, वार्ताहर होतो, आणि ‘वावर’ हा शब्द लिहिताना कचरतो. कादंबरीत बोली ही प्रतिष्ठा ठरते, बातमीत मात्र तीच अडाणीपणाची खूण समजली जाते. प्रमाणभाषेमुळे बातमी दूरच्या वाचकाला समजते, हे खरे. परंतु जिल्हा आवृत्तीतील पानाचा वाचक दूरचा नसतोच. वाशीमचे पान वाशीम जिल्ह्यातच वाचले जाते.

वऱ्हाडच्या भूमीत गद्याचा आरंभ साक्षीदाराच्या कथनाने झाला, ही गोष्ट या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी आठवणी जमविल्या त्या रिद्धपुरास राहून व ठिकठिकाणी जाऊन, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना विचारून. एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या सांगण्यांतील भेदही महानुभाव परंपरेने टिपून ठेवला. धर्मग्रंथाची आणि बातमीची तुलना ओढूनताणून करण्याचे कारण नाही. पद्धतीपुरता मात्र धडा स्पष्ट आहे. तेथे सांगणाराचे नाव येते आणि त्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत येते.

ग्रामवार्ताहराच्या बातमीत सांगणाराचे नाव बहुधा नसते, आणि लिहिणाराचेही नसते. ‘वार्ताहर’ या कंसातील शब्दामागे कोण आहे, हे गावाला ठाऊक असते, वृत्तपत्राच्या वाचकाला नसते. जाहिरातीची वसुली कमी पडली, तर त्या कंसामागचा माणूस बदलतो. कंस तसाच राहतो.