गिटारला केबल लावण्याआधी

अकूस्टिक गिटार आपण बहुतेक जण घरीच शिकतो. पलंगावर बसून, दार लावून. कानाला लाकडाचा आवाज सवयीचा होतो आणि मग पहिल्या कार्यक्रमात तीच गिटार केबलला जोडली की स्पीकरमधून येणारा आवाज आपलाच वाटत नाही. भावगीतांना साथ करत माझी बरीच वर्षं गेली. नव्याने वाजवू लागलेल्या मुलामुलींना मी कळकळीने सांगतो: जोडलेली गिटार आणि मोकळी गिटार ही दोन वाद्यं आहेत असं धरूनच रियाज करा.

मोकळ्या गिटारीत तारेचं कंपन ब्रिजवरून वरच्या पातळ फळीत उतरतं आणि फळी व आतली हवा मिळून आवाज घडवतात. आपल्या दुकानांत ज्यांना ‘सेमी-अकूस्टिक’ म्हणतात, त्या गिटारींत बहुधा सॅडलखाली पिएझोची पट्टी असते. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते हे क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं, त्याच तत्त्वावर ही पट्टी चालते. तिला तारेचा सॅडलवरचा दाब कळतो, पण फळीचा आणि हवेचा गोडवा फारसा कळत नाही. म्हणून जोरात स्ट्रोक मारला की कर्कश, प्लॅस्टिकसारखा टणत्कार येतो.

एका सभागृहातला प्रसंग सांगतो. मॉनिटर माझ्या अगदी पुढ्यात, गिटारच्या भोकाकडे तोंड करून ठेवलेला होता. दुसऱ्या गाण्यात पाचवी तार मोकळी छेडली आणि घूंऽऽ सुरू झालं. तळहाताने तारा दाबल्या तरी ते थांबेना, कारण तोवर गिटारची पोकळीच घुमायला लागली होती. साउंडवाल्याने घाईघाईत सगळा बेस खाली ओढला. घुमणं थांबलं, पण पुढचा सगळा कार्यक्रम गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजली. गायिका षड्जासाठी माझ्याकडे बघायची आणि तिला टेकायला खालचा सूरच नव्हता. तिने कार्यक्रम निभावून नेला, तो तिच्या तयारीवर.

असं पाचव्या तारेवरच का होतं हे समजून घ्या, म्हणजे उपायही सुचतात. मोठ्या ड्रेडनॉट गिटारीतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते आणि मोकळी पाचवी तार वाजते 110 हर्ट्झवर. स्पीकरमधून तोच खर्ज परत भोकात शिरला की चक्र सुरू होतं. अमेरिकेत मार्टिन कंपनीने 1916 मध्ये ही मोठी बॉडी बनवली, तेव्हा मंचावर पिकअप नव्हते आणि आवाज लाकडातूनच काढायचा होता. मोकळ्या बैठकीत जी पोकळी तुमची ताकद असते, तीच स्पीकरसमोर अडचण होते.

म्हणून मॉनिटर जरा बाजूला सरकवून घ्या. भोकाला रबरी झाकण लावा, ते स्वस्त मिळतं आणि खूप वाचवतं. गिटारवर फेजचं बटण असेल तर घुमायला लागताच ते दाबून बघा. आणि साउंडवाल्या दादांशी आधीच बोला: “शंभरच्या आसपासचं थोडं कापा, बाकी बेस राहू द्या.” एवढं नेमकं सांगितलं की बहुतेक जण आनंदाने ऐकतात. गिटारमध्ये स्वतःचा प्रीअँप नसेल तर पिएझोची वायर मिक्सरच्या साध्या इनपुटमध्ये थेट घालू नका. खर्ज गळून जातो. मधे पिएझोला चालणारा प्रीअँप किंवा अॅक्टिव्ह डीआय बॉक्स हवाच.

पण माझी खरी काळजी उजव्या हाताची आहे. जोडलेल्या गिटारीवर हात हलका ठेवावा लागतो, आवाज वाढवायला फेडर आहे. मात्र कायम असंच वाजवलं तर हाताची ताकद आणि छटा दोन्ही जातात आणि चार माणसांच्या घरगुती बैठकीतही गिटार गाण्याखाली बुडते. गिटारवादक सेगोव्हियांनी मोठमोठ्या सभागृहांत मायक्रोफोनशिवाय नायलॉनच्या तारा ऐकवल्या, आणि त्या नुसत्या जोरावर नव्हे. नख तारेला कुठल्या कोनात लागतं, हात ब्रिजजवळ आहे की भोकावर, यातून त्यांचा आवाज घडायचा. घरी रोज काही वेळ तरी केबल न लावता असं वाजवा. समोर कुणाला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवा आणि काय पोचलं ते विचारा.

काही मुलं निर्वाणा या रॉक बँडचं 1993 चं ‘अनप्लग्ड’ ऐकून तसा आवाज घरी निघत नाही म्हणून खट्टू होतात. त्यांचा गायक कर्ट कोबेन याच्या हातात त्या दिवशी 1959 ची मार्टिन डी-18ई होती. तिला पिकअप होते आणि ती अँपलाही जोडलेली होती. तेव्हा आपल्या मोकळ्या गिटारीला दोष देऊ नका.

कार्यक्रमाच्या दिवशी 9 व्होल्टची नवी बॅटरी घाला. केबल जॅकमध्ये राहिली की बहुतेक गिटारींत बॅटरी चालूच राहते आणि संपत आली की आवाज फाटायला लागतो. केबल काढताना साउंडवाल्याला आधी खूण करा, नाहीतर स्पीकरचा धडाका पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना दचकवतो. आणि साउंडचेकला सोपी कॉर्ड छेडून उठू नका. सगळ्यात जोराचं गाणं आणि सगळ्यात हळुवार गाणं, दोन्हींची एकेक ओळ गायकासोबत पूर्ण वाजवून घ्या.