नट तूच बसव

चि. मुक्ता,


फोटो मिळाला. तुझ्या गिटारच्या नटाचा, म्हणजे तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा, पातळ ई तारेच्या बाहेरच्या बाजूचा कोपराच उडाला आहे. म्हणून जरा जोरात छेडलं की ती तार खाचेतून निसटते. फेव्हिक्विक आणि खायचा सोडा घालून कोपरा भरून काढ, असं तुझ्या मित्राने सुचवलंय. खाच नुसती खोल झाली असती तर तो उपाय काही दिवस चालला असता. पण इथे तार अडवणारी भिंतच गेली आहे. नट बदलावाच लागेल, आणि तो तू स्वतः बदल असं माझं स्पष्ट मत आहे. तू कोणत्या जाडीच्या तारा लावतेस, किती जोरात वाजवतेस, हे दुकानातल्या माणसाला माहीत नसतं. खाचा त्याप्रमाणेच घासायच्या असतात.

तुझी गिटार स्ट्रॅटोकास्टर धाटणीची. १९५४ साली फेंडरने स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली तेव्हापासून तिचा नट फ्रेटबोर्डमध्ये कापलेल्या अरुंद खोबणीत बसतो, साधारण सव्वातीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचा. लेस पॉल धाटणीच्या गिटारचा नट फ्रेटबोर्ड संपतो तिथे टेकलेला असतो आणि चांगलाच जाड असतो. दुकानात नुसतं ‘इलेक्ट्रिकचा नट’ मागितलास तर काहीही हातात पडेल. जुना नट निघाला की व्हर्नियरने जाडी, लांबी, उंची मोज आणि खोबणीचा तळ सपाट आहे की किंचित गोलाईचा तेही बघून ठेव.

काढताना घाई नको. तारा थोड्या थोड्या सैल करून उतरव. नटाच्या दोन्ही बाजूंनी धारदार ब्लेड फिरवून पॉलिश कापून घे, नाहीतर नटाबरोबर पॉलिशची खपलीही निघते. मग लाकडाचा छोटा ठोकळा नटाच्या टोकाला लावून हलके ठोके दे. तो बाजूने सरकत बाहेर येईल. नाहीच हलला तर मधोमध लांबीच्या दिशेने बारीक करवत चालव आणि पकडीने दोन्ही फाळ्या आत चेप. खोबणीतला जुना गोंद खरवडून काढ, लाकूड मात्र खरवडू नकोस. तुटका नट टाकायचा नाही. त्याच्या सहाही खाचांच्या जागा नव्या नटावर उतरवून घ्यायच्या आहेत.

आता नवा कशाचा? हाडाचा कोरा तुकडा घे. पितळ, ग्रॅफाइट किंवा टस्क नावाचं कृत्रिम साहित्य यांवर वाजवणारे तासन्‌तास वाद घालतात. पण तू फ्रेटवर बोट दाबलंस की तार त्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंतच वाजते, नट त्यात जवळजवळ राहतच नाही. त्याचा आवाज काय तो खुल्या तारांपुरता. नट चांगला की वाईट हे खाचांवर ठरतं. हाड मी सांगतो ते एवढ्यासाठी की ते कठीण असतं, स्वच्छ घासलं जातं आणि पॉलिश केलं की तार त्यात अडकत नाही. घासताना दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा वास येईल. तोंडाला मास्क लाव, भुकटी ओल्या फडक्याने पूस.

आधी तुकडा खोबणीत बसव. हाताने दाबला की घट्ट बसेल आणि बोटांनी ओढला की निघेल, इतपत. त्याचा तळ सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घास. मग एक पेन्सिल लांबीत चिरून निम्मी कर, चिरलेली बाजू पहिल्या काही फ्रेट्सवर टेकव आणि शिसाच्या टोकाने नटावर आडवी रेघ ओढ. ती फ्रेटच्या उंचीची रेघ. खाचांचा तळ त्या रेघेच्या किंचित वरच थांबला पाहिजे.

तू ९ ते ४२चा सेट लावतेस, म्हणजे पातळ ई एका इंचाच्या हजाराव्या भागाने मोजली तर ९ आणि जाड ई ४२. खाच तारेपेक्षा एक-दोन हजाराव्या भागाइतकीच रुंद हवी. अरुंद झाली तर ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज येतो, स्वर अडकतो आणि मग एकदम उडी मारतो. रुंद झाली तर तार आत लोळते. मापाच्या कानशींचा संच महाग असतो. जाड तारांसाठी त्यांच्याच जुन्या तुकड्याभोवती बारीक पॉलिश पेपर गुंडाळून काम भागतं. पातळ तारांसाठी मात्र एखादी बारीक कानस घेच.

खाचेचा तळ हेडस्टॉककडे थोडा उतरता हवा. तारेने नटाला सोडायचं ते फ्रेटबोर्डकडच्या कडेवर, एकाच ठिकाणी. इथे कान लावून काम करावं लागतं. आपल्या मिरजेत सतारमेकर तंबोऱ्याची जवारी लावतात तेव्हा घोडीचा माथा मुद्दाम असा गोलसर घासतात की तार त्याला लांबवर हलकी घासत कंप पावावी. त्या स्पर्शातून तंबोऱ्याचा झंकार उमटतो. तुझ्या नटात तळ चपटा राहिला किंवा पुढची कड खाली गेली तर नेमकं तेच होईल आणि खुली तार सतारीसारखी झणझणेल. तंबोऱ्यात जे मिळवायला कारागीर जन्म घालवतो, ते इथे टाळायचं आहे. पुढच्या खेपेला आलीस की सतारमेकरांच्या गल्लीत घेऊन जाईन. कारागीर कानस दोन हात फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, परत दोन हात फिरवतो. ते बघण्यासारखं असतं.

तूही तसंच कर. थोडं घास, तार चढव, सुरात आण, ऐक. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघ: पातळ तारेला ती दिसते-न-दिसतेशी आणि जाड तारेला जराशी जास्त हवी. वरून टिचकी मारली की बारीक ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे. नट उंच राहिला तर ती फट मोठी दिसेल, पहिल्या घरातला एफ चढा लागेल आणि बोटंही दुखतील. उंच नट अजून उतरवता येतो. खाली गेलेला वर येत नाही. म्हणून शेवटची चिमूटभर उंची दुसऱ्या दिवशी, ताज्या कानाने घास.

सगळं जमलं की वरचं जास्तीचं हाड उतरव, कडा गोल कर आणि दोन थेंब फेव्हिकॉलवर बसव. जास्त गोंद नको, पुढे कधीतरी हा नटही काढावा लागेल. खाचेत पेन्सिलचं शिसं फिरव, म्हणजे तार सरकती राहील.

हाडाचे दोन तुकडे मागव. पहिला बिघडला तर निराश न होता दुसरा हातात घे. तारा चढवल्यास की रात्री कितीही वाजता फोन कर आणि सहाही तारा एकेक करून खुल्या वाजवून ऐकव.

तुझा,
मामा